सहा प्रशिक्षक आणि एक अपुरा संघ

२०२४-२५ च्या मोसमात मँचेस्टर युनायटेडने इंग्लिश फुटबॉलच्या अव्वल श्रेणीचे, म्हणजे प्रीमियर लीगचे, ३८ सामने खेळून ४२ गुण मिळवले, १८ सामने गमावले, ४४ गोल केले आणि पंधराव्या क्रमांकावर समाधान मानले. १९७३-७४ मध्ये क्लबची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली होती. त्यानंतर अव्वल श्रेणीत इतका खालचा क्रमांक कधीही वाट्याला आला नव्हता. २१ मे २०२५ रोजी बिल्बाओमध्ये युरोपा लीगची अंतिम लढत टॉटनहॅमकडून ०-१ अशी गमावली आणि २०२५-२६ च्या मोसमासाठी युरोपीय स्पर्धांचे दारही बंद झाले. ज्या टॉटनहॅमकडून हरलो, तो संघ स्वतः लीगमध्ये सतराव्या स्थानावर होता, हे सांगितले म्हणजे त्या सामन्याचा दर्जा वेगळा वर्णन करण्याची गरज उरत नाही.

या पडझडीनंतर संघाची फेरउभारणी कशी करावी, याबद्दल समर्थकांमध्ये दोन तट पडलेले दिसले. एका तटाला प्रशिक्षक ताबडतोब बदलायला हवा होता, तर दुसऱ्या तटाला त्याला तीन-चार वर्षे निर्धास्तपणे काम करू द्यायला हवे होते. माझे मत या दोन्ही तटांना पटणारे नाही. २०१३ पासूनच्या बारा वर्षांत मोयेस, व्हॅन गाल, मॉरिन्हो, सोल्सजाएर, टेन हाग आणि अमोरिम असे सहा कायमस्वरूपी प्रशिक्षक क्लबने नेमले. हे सहाही जण एकाच वेळी नालायक ठरले असतील, तर त्यांना निवडणाऱ्यांकडे बघायला हवे. आणि त्यातले काही जण लायक असतील, तर ते जिथे येऊन अपयशी ठरले त्या व्यवस्थेकडे बघायला हवे. कोणत्याही बाजूने निघालो तरी बोट प्रशिक्षकाच्या खुर्चीच्या वरच्या मजल्याकडेच जाते.

मुळात २०१३ मध्ये काय घडले, याची उजळणी करणे आवश्यक आहे. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन विसावे लीग विजेतेपद मिळवून निवृत्त झाले, हे सगळ्यांना आठवते. त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल हेही पायउतार झाले, याचा मात्र फारसा उल्लेख होत नाही. खेळाडू कोण घ्यायचा, कितीला घ्यायचा आणि कोणाला निरोप द्यायचा हे ठरवणाऱ्या दोन्ही व्यक्ती एकाच वेळी गेल्या. मागे राहिलेला संघ ८९ गुणांचा मानकरी असला तरी त्यात गिग्ज ३९ वर्षांचे, फर्डिनंड ३४ वर्षांचे आणि एव्हरा ३२ वर्षांचे होते, आणि लीगमध्ये २६ गोल करणारा रॉबिन व्हॅन पर्सी तिशीत पोहोचत होता. त्या उन्हाळ्यात नवे कार्यकारी प्रमुख एड वुडवर्ड आणि नवे प्रशिक्षक डेव्हिड मोयेस यांच्या हाती ट्रान्स्फर खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद होण्याच्या दिवशी लागला तो एकटा मरुआन फेलेनी, आणि तोही मोयेस यांच्याच जुन्या एव्हर्टनमधून. सहा वर्षांचा करार मिळालेले मोयेस पुढच्या एप्रिलमध्ये घरी गेले.

त्यानंतर एक पद्धतच पडून गेली. नवा प्रशिक्षक यायचा, त्याच्या आवडीचे आणि बऱ्याचदा त्याच्या जुन्या ओळखीचे खेळाडू चढ्या किमतीला घेतले जायचे, दीड-दोन वर्षांत प्रशिक्षक जायचा आणि खेळाडू मात्र लांबलचक करारांसह मागे राहायचे. व्हॅन गाल यांच्या काळात अँजेल डी मारिया सुमारे ६ कोटी पौंडांना आला, तेव्हा तो ब्रिटनमधला विक्रम होता. एका मोसमात तो पॅरिसला निघून गेला. मॉरिन्हो यांच्यासाठी २०१६ मध्ये पॉल पोग्बा ८ कोटी ९० लाख पौंडांच्या जागतिक विक्रमी किमतीला परत आणला. याच क्लबच्या युवा संघातून तो २०१२ मध्ये करार संपवून जवळपास फुकट युव्हेंटसला गेला होता, आणि २०२२ मध्ये पुन्हा करार संपवून फुकटच गेला. २०१९ मध्ये हॅरी मॅग्वायर ८ कोटी पौंडांना आला आणि जगातला सर्वांत महागडा बचावपटू ठरला. टेन हाग यांनी आपल्या जुन्या डच क्लबमधून, आयॅक्समधून, अँटनीला आणले, त्याची किंमत साडेनऊ कोटी युरो. २०२५ मध्ये तो सुमारे अडीच कोटी युरोंना रेआल बेटिसला विकला गेला. आजचा संघ म्हणजे पाच कंत्राटदारांनी आपापल्या नकाशाप्रमाणे थोडी थोडी बांधून सोडून दिलेली इमारत आहे, आणि सहाव्याकडून अपेक्षा अशी होती की त्याने तिला फक्त रंग द्यावा.

या काळात करंडक मिळालेच नाहीत असे नाही, आणि माझ्या मते नेमकी तिथेच खरी फसगत झाली. २०१६ चा एफए कप, २०१७ मधील लीग कप आणि युरोपा लीग, २०२३ चा लीग कप, २०२४ चा एफए कप ही यादी अनेक क्लबांना हेवा वाटावा अशी आहे. परंतु बाद फेरीचे सामने थोडे असतात, त्यात एखाद्या दिवसाची कमाल पुरते. लीगचे ३८ सामने संघाची खरी पत दाखवतात. २०२३-२४ मध्ये युनायटेड लीगमध्ये आठवा आला होता. त्यानंतर वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात गार्नाचो आणि मेनू या दोन पोरांच्या गोलांवर मँचेस्टर सिटीला २-१ ने हरवले, तो दिवस मला आजही सुखावतो. पण त्याच विजयामुळे एरिक टेन हाग यांची नोकरी वाचली, त्यांचा करार वाढवला गेला, त्यांच्या जुन्या आयॅक्सचे डी लिख्ट आणि मझरावी घेतले गेले, आणि ऑक्टोबरअखेर त्यांना काढून टाकले. ही मुदतवाढ जाहीर झाली तेव्हा नुकतेच रुजू झालेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ हेही पाच महिन्यांत बाहेर पडले. टेन हाग आणि अ‍ॅशवर्थ यांच्या जाण्यापोटी क्लबला मिळून १ कोटी ४५ लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. ज्या वर्षी शेकडो कर्मचाऱ्यांना काटकसरीच्या नावाखाली घरी बसवले, त्याच वर्षातला हा खर्च आहे.

नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२६ या काळात प्रशिक्षक असलेल्या रुबेन अमोरिम यांच्याबद्दल बरेच लिहिले गेले, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर मांडतो. मोसम संपल्यावर रुजू होण्याची आपली इच्छा होती, पण आत्ता नाही तर कधीच नाही असे आपल्याला सांगण्यात आले, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये ते ३-४-२-१ हीच रचना (तीन बचावपटू, मधल्या फळीत चौघे, पुढे दोघे आणि सर्वांत पुढे एक) वापरत आणि ती बदलत नाहीत, हे त्यांना नेमणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. या रचनेत पारंपरिक विंगरना, म्हणजे कडेने आक्रमण करणाऱ्या खेळाडूंना, जागा नसते. तिथे संपूर्ण बाजू वर-खाली धावून सांभाळणारे विंगबॅक लागतात. युनायटेडकडे त्या वेळी रॅशफोर्ड, गार्नाचो आणि अँटनी असे विंगर होते आणि डाव्या बाजूला तंदुरुस्त विंगबॅक जवळपास एकही नव्हता. मोसमाच्या मध्यावर ही नेमणूक करून क्लबने एका फटक्यात विकले तर सर्वांत जास्त किंमत येईल अशा आपल्या खेळाडूंना निरुपयोगी ठरवले. संघात जागा नसलेला खेळाडू बाजारात पूर्ण किमतीला विकला जात नाही, हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. रॅशफोर्ड लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, बार्सिलोनाला गेला, गार्नाचो ४ कोटी पौंडांना चेल्सीला गेला. तीन बचावपटूंच्या रचनेला माझा तात्त्विक विरोध नाही. ती खेळून अनेक संघांनी विजेतेपदे मिळवली आहेत. आक्षेप असा आहे की रचना आणि खेळाडू यांची सांगड घालणे हे ज्यांचे काम होते, त्यांनी ते नेमणुकीनंतरच्या काळावर ढकलले.

प्रशिक्षकाला वेळ द्या म्हणणारे हमखास फर्ग्युसन यांचा दाखला देतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते आले तेव्हा संघ २२ पैकी २१ व्या स्थानी होता, १९८९-९० मध्ये तो तेरावा आला, मे १९९० मध्ये एफए कप मिळाला आणि लीग जिंकायला १९९३ उजाडले. हा इतिहास खराच आहे. मात्र त्या साडेसहा वर्षांत फर्ग्युसन फक्त वाट पाहत नव्हते. आल्या आल्या त्यांनी खेळाडू हेरणाऱ्यांचे जाळे वाढवले, परिसरातील शाळकरी मुले सिटीकडे का जातात याचा छडा लावला, युवा संघाची घडी नव्याने बसवली आणि दारूच्या आहारी गेलेल्या ड्रेसिंग रूमला शिस्त लावली. गिग्ज, बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू त्या कामातून आले. हे सारे करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. आजच्या प्रशिक्षकाकडे तो नसतो. अमोरिम यांचे अधिकृत पदनामच मुख्य प्रशिक्षक असे होते, व्यवस्थापक असे नव्हते. म्हणून ज्याच्या हाती संघनिवडीपलीकडे फारसे काही नाही, त्याला नुसता वेळ देऊन काहीही उगवणार नाही. तो वेळ क्रीडा संचालकांना, खेळाडू हेरणाऱ्या विभागाला आणि खरेदी-विक्री ठरवणाऱ्यांना द्यायला हवा, आणि हिशेबही त्यांच्याकडूनच मागायला हवा.

हे कसे साधते, याचे उदाहरण देताना माझ्या जिवावर येते, कारण ते आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचे आहे. यर्गन क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे गेले आणि पहिल्या मोसमात संघ आठवा आला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी आपला सर्वांत सर्जनशील खेळाडू फिलिप कुटिन्हो बार्सिलोनाला सुमारे १४ कोटी पौंडांना विकला. त्याच वर्षी मध्य बचावपटू व्हॅन डाइक आणि गोलरक्षक अ‍ॅलिसन हे दोघे मिळून जवळपास तेवढ्याच रकमेत घेतले. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये लीग जिंकली. यातला विक्रीचा भाग मला खरेदीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. लोकप्रिय खेळाडू योग्य वेळी, योग्य किमतीला विकण्याचे धैर्य युनायटेडने रोनाल्डोला २००९ मध्ये रेआल माद्रिदला विकल्यानंतर क्वचितच दाखवले आहे. पुढे २०२४ मध्ये क्लॉप गेले, आर्ने स्लॉट आले आणि त्या उन्हाळ्यात लगेच खेळवण्यासाठी फेडेरिको किएझा हा एकच नावाजलेला खेळाडू घेऊन त्यांनी पहिल्याच मोसमात लीग जिंकली. प्रशिक्षक बदलला तरी संघ कोसळला नाही, कारण संघ प्रशिक्षकाच्या खिशातला नव्हता. ते त्यांचे विसावे विजेतेपद होते, म्हणजे आमच्या बरोबरीचे, आणि नेमके आम्ही पंधरावे आलो त्या वर्षीचे. याहून अधिक लिहिणे माझ्याने होणार नाही.

आता प्रत्यक्ष मैदानाकडे वळतो. २०२५ च्या उन्हाळ्यात क्लबने कुन्या, एमबेउमो आणि सेस्को या तीन आघाडीच्या खेळाडूंवर २० कोटी पौंडांच्या आसपास खर्च केला. ४४ गोलांचा संघ म्हटल्यावर आक्रमणावर पैसे घालणे समजण्यासारखे आहे. कुन्या आणि एमबेउमो यांनी प्रीमियर लीगमध्ये स्वतःला सिद्ध केलेले आहे, त्यामुळे या दोन खरेदींना माझा पाठिंबाच आहे. परंतु संघाचे खरे दुखणे मधल्या फळीत आहे, आणि ते आजचे नाही. मधल्या फळीचे जुने आधार मायकेल कॅरिक यांचे वय झाल्यापासून ते चालत आले आहे. २०२५-२६ च्या मोसमाच्या सुरुवातीला तिथे ३३ वर्षांचा कासेमिरो आणि ३१ वर्षांचा ब्रुनो फर्नांडेस खेळत होते. कासेमिरोच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही, पण तिशी गाठलेल्या खेळाडूला ६ कोटी पौंड मोजून चार वर्षांचा करार देणे हा २०२२ मध्येच अविचार होता. ब्रुनो हा गेल्या दशकातला युनायटेडचा सर्वोत्तम खेळाडू आहे असे मी मानतो. त्याला गोलपासून चाळीस मीटर मागे उभे करून प्रतिस्पर्ध्यांमागे धावायला लावणे ही त्याची आणि संघाची दोघांचीही शिक्षा होती. चार जणांच्या मधल्या फळीत मध्यभागी केवळ दोघे असतात, तेव्हा त्या दोघांचे पाय तरणेच लागतात. ब्रायटनच्या कार्लोस बलेबाची चौकशी झाल्याच्या बातम्या आल्या, व्यवहार झाला नाही आणि खिडकी बंद झाली. सेस्कोसाठी मोजलेले ६ कोटी ६० लाख पौंड मधल्या फळीवर खर्च केले असते, तर निदान आक्रमणापर्यंत चेंडू तरी पोहोचला असता.

गोलरक्षकाची गोष्ट थोडक्यात आटोपतो. डेव्हिड डी हेआला २०२३ मध्ये जाऊ दिले, पायाने खेळणारा गोलरक्षक हवा म्हणून इंटर मिलानकडून आंद्रे ओनाना घेतला, आणि दोनच वर्षांत त्याला लोनवर तुर्कस्तानला पाठवून अँटवर्पचा तरुण सेने लॅमेन्स आणला. २७ ऑगस्ट २०२५ रोजी चौथ्या श्रेणीतील ग्रिम्सबी टाउनने लीग कपमध्ये पेनल्टी शूटआउटवर १२-११ असे हरवले, ती रात्र या साऱ्या धोरणाचे प्रगतिपुस्तक होती. लॅमेन्स कसा निघेल ते दिसेलच, पण कमी वयाचा आणि कमी किमतीचा खेळाडू घेण्याची दिशा मला पटते.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती युवा संघाची. ऑक्टोबर १९३७ पासून आजवर युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत स्वतःच्या युवा संघात घडलेला किमान एक खेळाडू राहिला आहे. ही परंपरा चार हजारांहून अधिक सामन्यांची आहे आणि तिच्यासमोर करंडकांचे कपाटही मला दुय्यम वाटते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या पेठेतले पोर मैदानावर असले की हरलेल्या सामन्यालाही गर्दी होते. प्रीमियर लीगच्या आर्थिक नियमांनी मात्र या परंपरेवर विचित्र संकट आणले आहे. २०२५-२६ च्या मोसमापर्यंतच्या नियमानुसार तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा करता येत नसे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून हिशेबात धरली जाते, त्यामुळे त्याला विकताना उरलेली रक्कम वजा होते. घरच्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य असल्याने त्याच्या विक्रीचा पैसा संपूर्ण नफा ठरतो. चुकीच्या खरेदीचा खड्डा भरण्यासाठी घरची मुले विकण्याचा मोह इथून सुरू होतो.

स्कॉट मॅकटॉमिने पाच वर्षांचा असल्यापासून क्लबमध्ये होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला अडीच कोटी पौंडांच्या आसपास किमतीला नापोलीला विकले. त्याने तिथे पहिल्याच मोसमात लीगमध्ये १२ गोल केले, निर्णायक सामन्यात हवेत झेपावून गोल मारला, नापोलीला विजेतेपद मिळवून दिले आणि इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच उन्हाळ्यात त्याच्या जागी पॅरिसहून मॅन्युएल उगार्टे घेतला, दुपटीच्या आसपास किमतीला. अँटनी एलांगाला २०२३ मध्ये दीड कोटी पौंडांना नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकले. त्याने १ एप्रिल २०२५ रोजी आमच्याच विरुद्ध जवळपास संपूर्ण मैदान धावून सामन्यातला एकमेव गोल केला, आणि त्याच वर्षी फॉरेस्टने त्याला ५ कोटी पौंडांहून अधिक किमतीला न्यूकॅसलला विकले. या दोघांना ठेवायलाच हवे होते असा माझा हट्ट नाही. विकायचे होते, तर त्यांची खरी किंमत ओळखता यायला हवी होती, आणि जी माणसे आपल्याच आवारात वाढलेल्या खेळाडूची किंमत ओळखू शकत नाहीत, त्यांनी बाहेरच्या खेळाडूंची पारख करावी हे जोखमीचे आहे.

मालकांविषयी लिहिल्याखेरीज ही मांडणी पूर्ण होणार नाही, जरी त्यात नवीन काही नसले. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला तो बव्हंशी कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा कर्जमुक्त असलेल्या क्लबच्याच डोक्यावर टाकला. व्याज आणि लाभांशाच्या रूपाने गेलेला पैसा मैदानाच्या गळक्या छपराकडे पाहिले की दिसतो; मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर पावसाचे पाणी स्टँडमधून धबधब्यासारखे कोसळले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी एक चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला. मार्च २०२५ मध्ये त्यांनी एक लाख प्रेक्षकांच्या, २ अब्ज पौंडांच्या नव्या मैदानाचा आराखडा जाहीर केला. मैदान जुने झाले आहे, हे मान्य. पण आधीच कर्जात असलेल्या क्लबवर आणखी कर्ज चढणार असेल, तर त्याची परतफेड खेळाडूंच्या विक्रीतून आणि तिकिटांतून होईल, आणि ६६ पौंडांचे तिकीट लहान मुलांनाही सवलतीविना विकण्याचा प्रकार २०२४-२५ च्या मोसमात होऊन गेला आहे. नव्या मैदानाच्या आधी कर्जाची जबाबदारी कोण घेणार हे मालकांनी लेखी सांगावे, अशी मागणी मँचेस्टरच्या समर्थक संघटनांनी लावून धरायला हवी. आमच्यासारख्या दूरच्या समर्थकांच्या जर्सी-खरेदीवर हा क्लब जगतो, त्यामुळे त्यांच्या मागणीला आमचाही आवाज जोडला जायला हरकत नसावी.

पुढच्या दोन-तीन खिडक्यांत काय व्हावे, याबद्दल माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. अठ्ठावीस वर्षांवरच्या खेळाडूसाठी मोठी रक्कम मोजू नये. कोणत्याही खेळाडूची शिफारस केवळ प्रशिक्षकाच्या जुन्या ओळखीवर स्वीकारू नये. पुढचा प्रशिक्षक जेव्हा केव्हा येईल, तेव्हा तो हातातल्या खेळाडूंना साजेल असा निवडावा. चौथ्या स्थानाचे आश्वासन देऊ नये. एका वर्षी आठवे, त्याच्या पुढच्या वर्षी सहावे आले आणि मधल्या फळीचे सरासरी वय पंचविशीत आले, तरी मी ती प्रगती मानेन.

आणि कोबी मेनूला विकू नये. हा स्टॉकपोर्टचा मुलगा २०२४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एफए कपच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करतो, त्याच वर्षी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून सुरुवातीपासून खेळतो, आणि २०२५-२६ च्या मोसमाच्या सुरुवातीला त्याला लीगच्या सामन्यांत बाकावर बसावे लागले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस त्याने लोनवर जाण्याची परवानगी मागितल्याच्या आणि क्लबने ती नाकारल्याच्या बातम्या आल्या. नकार दिला हे चांगले झाले, पण नकारानंतर त्याला खेळवणेही भाग होते. कासेमिरोच्या पायांत साठाव्या मिनिटानंतर बळ उरत नाही हे तेव्हा दर आठवड्याला दिसत होते. ती शेवटची तीस मिनिटे मेनूची असायला हवी होती, आणि जानेवारीपर्यंत पहिली साठही.